लागीचे पाय

माझी धाकटी बहीण लागी मताई झाली, म्हणजे कुळाची प्रमुख. गावात ही पदवी मिळालेली ती पहिली बाई. मी थोरली, पण माझ्या तोंडाला कुलूप नाही, म्हणून कुळाने तिला निवडलं. बरोबरच केलं.

गावच्या सभेत ती पहिल्यांदा बसणार, त्याच आठवड्यात तिच्या नडग्यांवर जांभळट पुरळ उठलं. बोटाला उंचवट्यासारखं लागायचं, जळजळायचं. डॉक्टर फेतुआओने त्यावर काचेचा पेला दाबून पाहिला. डाग फिका पडेना.

"कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्या सुजल्यात, त्यांतून रक्त झिरपतंय. नवीन औषध काही घेतलंस?"

लागीने मान खाली घातली. दाढ दुखली म्हणून तिने ऑकलंडच्या भाचीच्या उरलेल्या गोळ्या गिळल्या होत्या.

"खाऊ वाटला काय गं तो?" मी म्हटलं.

"त्या गोळ्या आधी बंद. बहुतेक वेळा एवढ्यानेच उतरतं," डॉक्टर म्हणाला. "मूत्रपिंड ठीक आहे ना, ते तपासू. आणि मांडी घालून बसायचं नाही. पाय लांब नि उंच ठेवायचे."

तपासणी चांगली आली, पण सभेचं काय? तिथे प्रत्येक मताई आपापल्या खांबाशी तासन्‌तास मांडी घालून बसतो. समोरच्याकडे पाय पसरणं म्हणजे उघड अपमान. चुलतभाऊ पीताला तर आयतंच फावलं.

"घरी लोळ, ताई. तुझ्या खांबाशी मी बसतो. बाईमाणसाला झेपायचं नाही, हे मी आधीच म्हटलं होतं."

"तुझं म्हणणं तुझ्यापाशी ठेव," लागी म्हणाली आणि निघाली. मी उशी घेऊन मागे.

खांबाला टेकून तिने सगळ्यांना सरळ सांगितलं, "माझे पाय आजारी आहेत. लांब करावे लागतील. चालत नसेल तर बाहेर बसून बोलेन, पण आज बोलेन."

मी उशी तिच्या पायांपाशी ठेवली आणि बाहेर आले.

समोर बसला होता म्हातारा वाइफाले. लागीच्या पदवीला सगळ्यात जास्त विरोध त्याचाच. तो उठला, स्वतःच्या बुडाखालची चटई काढली, लागीचे पाय उशीवर ठेवले आणि त्यांवर ती नीट पसरली. मग जमिनीवर पसरलेल्या उघड्या खड्यांवर मांडी घालून बसला.

"झाकलेल्या पायांनी कुणाचा अपमान होत नाही," तो म्हणाला. "बोला, मताई. आम्ही ऐकतोय."

आजवर तो तिला 'ए पोरी' म्हणायचा.

लागी वरच्या आळीच्या पाण्याबद्दल बोलली, स्पष्ट आणि न अडखळता. मी बाहेर उभी होते. शेजारी पीता होता, त्याला चार शब्द सुनवायची आयती संधी होती. पण ऊर असा भरून आला होता की मला एकही शब्द फुटला नाही.