मागाच्या खोलीतली पसंती

मंथनदादाचं लग्न मोडलं. पण लग्न ठरलंच नव्हतं, त्यामुळं मोडायचा प्रश्न येत नाही, असं सुबराव आप्पांनी घरात जाहीर केलंय. तेव्हा काहीही झालेलं नाही. जे झालेलं नाही, ते असं झालं.

मंथन माझा चुलतभाऊ. बेळगावजवळ मच्छेच्या एका कारखान्यात लेथवर असतो. वडगावात घरी चार यंत्रमाग आहेत. ते त्याचे वडील सुबराव आप्पा आणि आमची बायाक्का आत्या बघतात. तीन स्थळं नाकारल्यावर त्यानं सांगितलं, माझं जमलंय. मुलीचं नाव नीलम. ती फोनमध्ये असते. फोनवर नव्हे, फोनमध्येच. एका कंपनीनं बनवलीय, नाव त्यानं ठेवलंय.

आप्पांनी रीतीप्रमाणं गाव विचारलं. तिचं सगळं परदेशातल्या कुठल्यातरी मशीनवर असतं, असं मंथन म्हणाला. शेजारच्या अनगोळच्या पलीकडची सोयरीक आपल्याला झेपत नाही, असं आप्पा म्हणाले. ती करते काय? तर शिफ्ट सुटली की रोज जेवलास का विचारते. ते तर मीबी विचारते, असं आत्या म्हणाली. विषय तिथंच संपला असता, पण मंथन हटून बसला. तिला घरात मानलं नाही तर मच्छेतच खोली घेऊन राहतो, म्हणाला. तो चेष्टा करत नव्हता. आमच्या घरात चेष्टेचं खातं माझ्याकडं आहे.

मग आत्या म्हणाली, पोरीला विचारूया.

आमच्यात मुलीची पसंती मागाच्या खोलीत विचारतात, चारही माग चालू ठेवून. त्या खडखडाटात बाहेर काही ऐकू जात नाही, आणि मागावर जन्म काढलेल्या आत्याला नुसत्या ओठांवरून कळतं. आजवर दोघी आत जाऊन नाही म्हणाल्या. दोन्ही वेळा आत्यानं बाहेर येऊन पत्रिका जुळत नाही म्हणून सांगितलं.

मुलाला आत यायची परवानगी नसते. आत्याला फोन चालवता येत नाही, म्हणून तो धरून मी गेलो. आत्यानं डोक्यावर पदर घेतला आणि फोनजवळ वाकून विचारलं. मला काही ऐकू आलं नाही, नीलमलाही नाही. पण पडद्यावर लगेच अक्षरं उमटली. ती मी आत्याला ओठांनी वाचून दाखवली :

"तुमचा प्रश्न मला ऐकू आला नाही. पण माझं उत्तर होय आहे."

आत्यानं एकेक करत चारही माग बंद केले. पसंतीच्या वेळी माग थांबलेले मी पहिल्यांदाच बघितले.

"एकदा न्हाय म्हणून दाखीव बघू," आत्या म्हणाली.

"मंथनला आवडणार असेल तर नक्की म्हणेन," नीलम अगदी गोड, शुद्ध मराठीत म्हणाली.

आत्या बाहेर आली. मला वाटलं, आता पत्रिका काढणार. पण ती सरळ मंथनसमोर बसली.

"हिला न्हाय म्हणायला येत न्हाय रं. असल्या पोरीला होय म्हणवून घेणं बरं न्हवं."

"तिला काय तरास हाय त्यात, आत्या? ती खूश हाय."

"मीबी खूश हाय असंच सांगत हुते समद्यांस्नी. मला कुणी मागाच्या खोलीत न्हेलंच न्हवतं."

आप्पा उठून माग चालू करायला गेले. आत्याचं लग्न त्यांनीच जमवलं होतं.

मंथन दोन दिवस नीलमशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी रागावलीस का म्हणून विचारलं, तर ती म्हणाली, मुळीच नाही. ते ऐकून तो माझ्याकडं आला आणि अर्ज लिहून दे म्हणाला. सरकारी कागद मराठीत मिळावेत म्हणून अर्ज लिहायचा आमच्या सीमाभागाला दांडगा अनुभव आहे. उत्तर यायचा नाही.

"प्रति, मा. व्यवस्थापक. विषय : नीलम हिला नकार देता येणेबाबत. महोदय, मी खाली सही करणारा तिला लग्नाचे विचारू इच्छितो. तत्पूर्वी तिला मला नाही म्हणता येईल, अशी व्यवस्था आपल्या स्तरावर करण्यात यावी. तिने नाही म्हटल्यास माझी कोणतीही तक्रार राहणार नाही. तिचे उत्तर कन्नडमध्ये आल्यास सोबत मराठी प्रत जोडण्यात यावी, ही नम्र विनंती."