फिलोमेनाचा चष्मा

फिलोमेनाची नजर गेली तेव्हा ती साठीला टेकली होती. साखरेच्या आजाराने डोळे खाल्ले. त्याआधी ऑस्ट्रेलियातल्या आमच्या पोर्ट पिरी गावच्या मासळीच्या दुकानात आम्ही दोघी वर्षानुवर्षं एकाच टेबलाशी उभ्या राहून मासे साफ करायचो. तिचा हात माझ्यापेक्षा चलाख, आणि जीभ हातापेक्षा. नजर गेल्यावर ती घरात बसली. तिचा नवरा लेस्टर शिशाच्या कारखान्यात होता. तो नेईल तिथे जायचं, तो वाढेल ते खायचं, असे तिचे दिवस झाले.

मग लेस्टरनेच तिला तो कॅमेऱ्याचा चष्मा आणून दिला. समोर काय आहे ते चष्मा तिच्या कानात सांगायचा. रस्ता मोकळा आहे, ही दुधाची बाटली उद्यापर्यंतच चांगली, हे औषध सकाळचं. पहिल्याच आठवड्यात ती एकटी चालत माझ्या दारात उभी.

"उना, फाटकाचा रंग पार उडालाय म्हणे. लाज नाही वाटत तुला?"

मी तिला मिठी मारून रडले. सगळ्या गावाने लेस्टरचं तोंड भरून कौतुक केलं. मीही केलं.

पुढे एकदा चहा घेताना ती म्हणाली, "काल लेस्टर म्हणाला, उनाकडे केकचे दोन तुकडे हाणलेस. तू सांगितलंस का गं?"

"मी? त्याच्याशी मी हवापाण्यापलीकडे कधी बोललेय?"

"तुझा भाऊ आला होता, तेही त्याला ठाऊक."

तिने कप बशीत ठेवला आणि चष्म्याची काडी बोटांनी चाचपली.

अंधांच्या संस्थेतली टेगन नावाची मुलगी तिला चष्मा शिकवायला यायची. एकदा ती आली तेव्हा मीही तिथे होते. टेगन फिलोमेनाच्या फोनमध्ये काहीतरी बघत होती, आणि बघता बघता तिचा चेहरा उतरला. तिने फिलोमेनाच्या डोळ्यांवरचा चष्मा हळूच काढला, पावाच्या डब्यात ठेवला, झाकण लावलं आणि मग बोलली.

"याला आणखी एक फोन जोडलाय. तुमच्या समोरचं सगळं त्या फोनवर दिसतं, हवं तेव्हा. तुम्हाला विचारून जोडलाय ना?"

फिलोमेना टेबलावरून बोट फिरवत राहिली. "म्हणजे डोळे त्याला मिळाले," ती म्हणाली.

"फेकून दे तो," मी म्हणाले.

"फेकला की त्याला कळेल, मला कळलंय म्हणून."

"आपण पोलिसांकडे जाऊ," टेगन म्हणाली.

"आणि सांगू काय? नवऱ्याने चष्मा घेऊन दिला?"

मी न राहवून विचारलं, "हात उचलतो का गं तो?"

"आधीपासून. पूर्वी येताना दिसायचा, एवढंच."

इतकी वर्षं मी तिच्या शेजारी उभी होते. मला कधी कळलं नव्हतं.

तिची बहीण रोझारिया ॲडलेडला राहायची. घर बदलल्यापासून तिचा पत्ता लेस्टरला ठाऊक नव्हता. तिच्याकडे जायचं ठरलं. फिलोमेना दर बुधवारी चर्चच्या हॉलमध्ये गाण्याच्या सरावाला जायची, तेव्हा लेस्टर कामावर असायचा. त्या बुधवारी हॉलच्या मागच्या खोलीत टेगनने चष्मा तिच्या डोळ्यांवरून माझ्या डोळ्यांवर चढवला आणि तिला ॲडलेडच्या बसमध्ये बसवायला घेऊन गेली. मी बायकांच्या घोळक्यात जाऊन बसले. माझे हात कॅमेऱ्याच्या टप्प्यात येऊन लेस्टरला दिसू नयेत म्हणून मांडीखाली दाबून धरले होते. सराव संपला तरी उठायचं धाडस होईना. ती पोचली असा रोझारियाचा फोन आला तेव्हा कुठे जिवात जीव आला.

संध्याकाळी लेस्टर माझ्या दाराशी आला. आवाज चढवला नाही. चष्मा मागून घेतला, पुसला आणि खिशात घातला.

"आंधळ्या बाईला कुठे धाडलंस, उना? पडली-बिडली तर?"

गाव त्याच्या बाजूने उभं राहिलं. दुकानात बायका मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणायच्या, "एवढी महागाची वस्तू आणून दिली बिचाऱ्याने, आणि हिने हे पांग फेडले."

ॲडलेडला टेगनच्या संस्थेने फिलोमेनाला दुसरा चष्मा देऊ केला. ती त्याला शिवायलाही तयार नव्हती. रोझारिया दिवसभर कामाला. अनोळखी घरात ही भिंती चाचपत फिरायची. एक दिवस मागच्या पायऱ्यांवरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. शेजाऱ्यांनी हॉस्पिटलात नेलं. तिच्या जुन्या वैद्यकीय नोंदीत नवऱ्याचा नंबर होता. त्यांनी त्याला फोन केला.

ऑपरेशननंतर शुद्धीवर आली तेव्हा तो तिचा हात धरून बसला होता. नर्स तिला म्हणाली, "किती लांबून धावत आलेत बघा! भाग्यवान आहात."

तिने हात सोडवून घेतला आणि किंचाळली. औषधाची गुंगी असेल, असं नर्सला वाटलं. रोझारिया आली, तिने आरडाओरडा केला, तेव्हा त्याला बाहेर काढलं. पण तोवर हॉस्पिटलच्या कागदांवरून रोझारियाचं घर त्याला कळलं होतं.

हाड जुळल्यावर फिलोमेनाला दुसरीकडे हलवलं. कुठे, ते मला सांगितलं नाही. टेगनला ठाऊक आहे. मी विचारलं तर ती म्हणते, "जिवंत आहेत, उना. काठी घेऊन अंगणापर्यंत जातात. याच्यापुढे विचारू नका."

मी विचारत नाही.