जंतूचं कूळ

खर्डीच्या देवजीला टीबी निघाला तेव्हा घरात त्याच्या पोरीच्या, स्नेहलच्या सोयरिकीची बोलणी चालली होती. त्यातच त्याची बायको सरस्वतीही खोकू लागली. आईबाप दोघंही क्षयाचे म्हटल्यावर पोरीला पत्करणार कोण हो? झाकली मूठ सव्वा लाखाची! सरस्वतीने दवाखान्याची पायरी चढायची नाही असं ठरलं, आणि देवजीच्या गोळ्या दोघं निम्म्या-निम्म्या खाऊ लागली. एका ताटात जेवणारी माणसं ती. केवढी माया, आणि केवढी माती केली त्या मायेने!

लग्न झालं, पोर मुरबाडला नांदायला गेली. खोकला मात्र दोघांना सोडेना. शेवटी दोघांच्या बेडक्याचे नमुने मुंबईच्या प्रयोगशाळेत गेले.

"अर्धवट औषधाने जंतू निर्ढावलाय, काका, आता साध्या गोळ्यांना दाद देत नाही," शहापूरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "प्रत्येक जंतूचं कूळ असतं. प्रयोगशाळेत ते ओळखता येतं. तुम्हा दोघांतला जंतू एकाच कुळाचा आहे."

देवजीला नवलच वाटलं. जावयाचं कूळ त्याने चार गावांत विचारून काढलं होतं, पण जंतूलाही कूळ असतं हे त्याला कुठलं ठाऊक!

"आणखी एक नमुना त्याच कुळाचा निघालाय. मुरबाडचा, नव्या नवरीचा. तिकडे तुमचं कोण?"

देवजीला मागची भेट आठवली. म्हसाच्या जत्रेत पोर वाळलेली दिसली होती. "डोहाळे असतील," म्हणून सरस्वती तेव्हा हरखली होती. कसले डोहाळे आणि कसलं काय!

"कोण नाय," सवयीने तो बोलून गेला.

"काका, जंतू कुठून कुठे गेला ते कळलं नाही तर तो आणखी घरं धरेल."

"आमचीच पोर हाय ती, बाई," देवजी हुंदका देत म्हणाला. "आमीच दिला तिला."

मग आरोग्य खात्याची माणसं तिच्या सासरी सगळ्यांना तपासायला गेली, आणि हा रोग माहेरचा हे तिथे फुटलं. दुसऱ्याच दिवशी सासऱ्याने स्नेहलला रिक्षातून आणून अंगणात सोडलं. पाणीसुद्धा न घेता तो माघारी फिरला.

पोर ओट्यावर टेकली. तिला दम लागला होता.

"हा रोग आयला पण होता ना? माझ्या लग्नाआधीच?"

"तुझ्यासाठीच लपवलं गो," देवजी म्हणाला. "कळलं असतं तर लगीन मोडलं असतं."

"मोडू द्यायचं होतं, बाबा. मी जगली असती."