मधली टिकली

मी फ्लॅश बोलतोय. कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसून भल्याभल्यांना डोळे मिटायला लावणारा. जन्म मात्र कॅमेऱ्याच्या कंपनीतला नाही, बाहेरच्या कारखान्यातला. सावत्रच म्हणा ना! तरी मालकांच्या जुन्या कॅमेऱ्यावर चौदा वर्षं राज्य केलं. किती टकली चमकवली, गणती नाही.

मग मालकांनी नवा कॅमेरा आणला. त्याच रविवारी त्यांच्या दोन्ही मावश्या घरी आल्या. अकरा वर्षं दोघींचा अबोला. मालकांच्या आईनं हातापाया पडून त्यांना एका फोटोपुरतं सोफ्यावर बसवलं आणि स्वतः मध्ये बसली, बांधासारखी.

मला नव्या कॅमेऱ्याच्या डोक्यावरच्या खाचेत सरकवलं. चपखल बसलो. खटक्! मी ढिम्म.

"सेल गेले असतील." नवे सेल घातले. ढिम्म. माझे पाय खोडरबरानं घासले. मग एक चापट मारली. अहो, मी पोटभर चार्ज होतो, लाल दिवा पेटलेला. इशाराच येईना तर उडू कसा?

"काही माणसांच्या शेजारी बसलं की असंच होतं," थोरली छताकडे बघून म्हणाली.

"मग बसा एकट्याच!" धाकटी उठलीच.

तेवढ्यात मालकीणबाई म्हणाल्या, "अहो, जुन्या कॅमेऱ्याला इथं खाचेत मधोमध धातूची गोल टिकली होती. याला कुठंय?"

खरंच की! आम्हा बाहेरच्यांना 'उड' म्हणून सांगायची ती टिकली कंपनीनं काढूनच टाकलेली. पाट मांडलाय, वाढणारा पळवलाय! आणि चापटी मला.

"मावशी, दोनच मिनिटं बस गं!" मालकांनी पडदे ओढले, दिवे घालवले, कॅमेरा स्टँडवर लावला. तो चार सेकंद डोळा उघडा ठेवणार. तेवढ्यात मालकीणबाईंनी मला उंच धरून माझ्या पाठीवरचं बटण हातानं दाबायचं.

"काळोखात कोणी हलू नका हं. एक, दोन..."

"आई गं! कोणी चिमटा काढला?"

मी उडालो.

फोटोत धाकटीचा आ वासलेला, आई खुसखुसतेय आणि थोरलीचा हात आईच्या पाठीमागून धाकटीच्या दंडाला.

"अजून तश्शीच द्वाड आहेस तू, ताई!" धाकटी म्हणाली. अकरा वर्षांत पहिल्यांदा 'ताई'.

फोटो भिंतीवर लागला. येणारा जाणारा म्हणतो, "वा! नवा कॅमेरा भारीच." आणि मी? सेल काढून, जुन्या मोज्यात, कपाटात.

बाबांनो, नवा कॅमेरा घेताना त्याचं डोकं चाचपून बघा. टिकली नसेल तर मला वर बसवून चापट्या मारू नका. सेल घाला, बाईंच्या हातात द्या, पडदे ओढा. मी अजून उडतो.