सात चुलींचा धूर

मित्रांनो, मी सीमेवरच्या चौकीतली जुनी तांब्याची डेग आहे. डेग म्हणजे पन्नास माणसांचं जेवण एका दमात शिजवणारं भांडं. तांबटाने ठोकून ठोकून मला घडवलं, आतून कल्हई चढवली आणि माझी रवानगी थेट चौकीवर झाली. तिथे आचारीदादाच्या हाती पडले हे माझं नशीब. तो मला रोज लख्ख घासायचा. जवान बोटं चाटत म्हणायचे, "चव दादाच्या हाताची नाही, डेगेची!" दादा लटकंच चिडायचा, "मग उद्यापासून तिलाच म्हणा वाढायला!"

समोरच्या टेकडीवर पलीकडच्या देशाची चौकी होती. रोज सकाळी दुर्बिणीतून समोरचे धूर मोजायचे, हा दोन्हीकडचा रिवाज. चुली दोन, म्हणजे माणसं नेहमीचीच.

एके दिवशी घरून निरोप आला, दादाला मुलगी झाली. लग्नानंतर कितीतरी वर्षांनी! दादाचे पाय जमिनीवर ठरेनात. रजाही मंजूर झाली. "आज सगळ्यांना गोडधोड, एकाच पंगतीत!" म्हणत त्याने सात चुली पेटवल्या.

पलीकडच्या दुर्बीणवाल्याने सात धूर मोजले आणि धावत जाऊन आपल्या साहेबांना सांगितलं, नवी फौज आली! दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे ट्रक आले. ते पाहून आमच्याकडे ट्रक आले. मग त्यांच्या तोफा, मग आमच्या. जो तो म्हणे, सुरुवात समोरच्याने केली. सगळ्यांच्या रजा रद्द झाल्या, दादाचीही. आता एवढ्या माणसांना पुरायचं म्हणून खरोखरच सात चुली पेटू लागल्या. दादा माझ्यात डाव फिरवत पुटपुटायचा, "पोर बापाला ओळखेल की नाही, कुणास ठाऊक."

आणि एका दुपारी पलीकडून गोळी सुटली. लागली कुणाला? मला! पोटाला भोक पडलं, सगळा रस्सा चुलीत सांडला. आमच्या बंदुका रोखल्या गेल्या. साहेबांनी हात वर केला. तो खाली आला की गोळ्या सुटणार. पण दादाचं डोकं त्याआधीच फिरलं. डाव उगारून तो मातीच्या बांधावर चढला.

"अरे, माणसांना जेवू तरी द्या! काय घोडं मारलं होतं तुमचं?"

"फौज आधी तुम्ही आणलीत!" पलीकडून आवाज आला. "दोन चुलींच्या सात केल्यात!"

"फौज कसली, डोंबल! मला मुलगी झाली होती!"

पलीकडच्या बांधावर एक डोकं वर आलं, "अहो, मग सांगायचं नाही का? दिसते कुणासारखी?"

"बघायला सोडलंत कुठे तुम्ही!"

पहिलं हसू कुणाला फुटलं, सांगता येत नाही. साहेबांनी तर वर केलेला हात हसू लपवायला तोंडावर नेला. दोन्हीकडचे साहेब मधल्या रेषेवर भेटले. तोफा आल्या तशा परत गेल्या. आख्ख्या लढाईत जखमी मी एकटीच!

भोक पडलेली डेग मोडीत जायची. दादाने मला मागून घेतलं आणि पाठीवर बांधून घर गाठलं. वहिनी दारातच म्हणाल्या, "आलात एकदाचे! धरा हिला, हात भरून आलेत माझे." दादाने पोरीला घेतलं आणि तिथेच उंबऱ्यावर बसून तिचं तोंड न्याहाळू लागला.

मित्रांनो, शेजाऱ्याकडे धूर जास्त दिसला तर मोजत बसू नका, हाक मारून विचारा. आणि जुनं भांडं मोडीत घालण्याआधी एकदा डाग देऊन भोक बुजवून बघा, दादाने माझं बुजवलं तसं. मी आता अंगणात असते. उन्हात पाणी कोमट झालं की पोर माझ्यात बसून ते उडवते. दादा भिजतो, ओरडतो, आणि पुन्हा थोडा पुढे सरकून बसतो.