नदीच्या अलीकडे

“आजारी माणसाला कुणी असं गावभर हिंडवतं का?” गंगुबाईंनी जेवणाचा डबा टेबलावर आपटला. “आमच्यात थकलेल्या बैलालासुद्धा सावलीत बांधतात.”

“आई, डॉक्टरांनीच सांगितलंय,” दीक्षा म्हणाली. तिने नवऱ्याच्या वॉकरच्या दांडीला टॅब्लेट बांधला, पडद्यावर फ्रान्समधल्या लियाँ शहराची जुनी दगडी गल्ली उघडली आणि सुजितच्या काखेत हात घातला.

सप्टेंबरात दोघं तिथे पायी फिरायला जाणार होते. तिकिटंही निघाली होती. आता डॉक्टरांनी औषधं थांबवली होती. झेपेल तेवढं चालू दे, एवढंच म्हणाले होते. म्हणून ऑस्ट्रेलियातल्या वॉलॉंगॉंगच्या हॉस्पिटलचा कॉरिडॉर रोज दुपारी लियाँ व्हायचा. सुजित एक पाऊल टाकायचा, दीक्षा बोटाने गल्ली पुढे सरकवायची.

शेवट सुजितनेच ठरवला होता, तोही आईसमोर. “नदीवर पोचलो की मी झोपणार. मग मला उठवायचं नाही.” त्या दिवशी गंगुबाई त्याच्यावर ओरडल्या होत्या, आणि मग बाथरूममध्ये नळ सोडून बराच वेळ उभ्या राहिल्या होत्या.

“हे दार घराचं नाही, आई. आत बोळ आहे,” सुजित पडद्याकडे बघत, धापा टाकत म्हणाला. “रेशमाचे तागे पावसात भिजू नयेत म्हणून विणकर असे घरांच्या पोटातून जायचे.”

“लोकांच्या घरातून? आणि घरची बाई काही बोलायची नाही?”

“तू असतीस तर सगळं रेशीम भिजलं असतं.”

दीक्षाला हसू आलं. गंगुबाईंना नाही.

खिडकीजवळची खुर्ची म्हणजे खाणावळ. दीक्षाने थर्मासमधून कांद्याचं सूप ओतलं, वर चीज लावलेला पावाचा तुकडा सोडला. गंगुबाईंनी सकाळी थापलेली ज्वारीची भाकरी डब्यातच होती. काल तिचा घास त्याच्या गळ्याखाली उतरला नव्हता. हे मात्र तो डोळे मिटून पीत होता.

“कांद्याचं पाणीच ते. आम्ही नाइलाजाने प्यायचो, तेव्हा कुणी फोटो काढायला आलं नाही.”

“तिकडेही ते गरिबांचंच होतं. दीक्षा, आईला दे थोडं.”

त्यांनी एक चमचा घेतला. मीठ कमी होतं. तरी त्यांनी चमचा चाटून ठेवला.

पुन्हा चालणं सुरू झालं. भिंतीला टेकलेली लाल सायकल आली. गंगुबाईंना तिथल्या पाट्या वाचता येत नव्हत्या, पण सायकल ओळखता येत होती. ही कालही आली होती. परवाही.

“वाट चुकलीस गं बाई. गोल गोल फिरवतेस त्याला. चार बुकं शिकलेली, आणि...”

दीक्षाचं बोट थांबलं. तिने वर पाहिलं नाही. सुजितने मात्र आईकडे पाहिलं आणि हळूच मान हलवली, लहानपणी पाहुण्यांसमोर ती त्याला गप्प करायची तशी. दीक्षा मुद्दाम फिरवते, हे त्याला केव्हाचं माहीत होतं.

गंगुबाईंनी पुन्हा त्या लाल सायकलकडे पाहिलं.

कॉरिडॉरच्या टोकाला सुजितचे पाय थरथरू लागले.

“यू राइट, मेट?” नर्सने चाकाची खुर्ची पुढे केली.

“ऑल गुड,” तो म्हणाला.

पडद्यावर गल्ली संपत होती. तिच्या तोंडाशी पाणी चकाकत होतं.

“आलीच की नदी. चल, दीक्षा. सरळ.”

दीक्षाचं बोट काचेवर टेकलेलं होतं. ते पुढे जाईना, मागे येईना. डोळे पुसायला दुसरा हात मोकळा नव्हता. तो सुजितच्या काखेत होता.

गंगुबाईंनी तळवा पदराला पुसला. सुनेचं बोट मुठीत धरून त्यांनी ते काचेवरून आडवं ओढलं. नदी बाजूला सरली. एक अंधारा बोळ समोर आला. आत कुणाची तरी कुंडी, वर वाळत घातलेले कपडे.

सुजित बघत राहिला. मग त्याने वॉकर वळवला, कण्हत, थोडासाच.

“वाट दाखवायची अक्कल नाही तुला,” गंगुबाई सुनेला म्हणाल्या. “एवढा बोळ राहिला की बघायचा.”