खाऱ्या चिखलाचा पत्ता

"काकड्याभाऊ, आधी तोंड गोड करा, मग भांडी धुवा!" पूर्वीमॅडमनी पेढ्यांचा पुडाच त्याच्यापुढे धरला. "नाव ठरलं! आपल्या जिवाणूला वरोरचं नाव द्यायचं. जगात कुठेही कुणी वाचू दे, वरोर म्हणजे वरोर!"

काकड्याने पेढा घेतला खरा, पण तोंडात न टाकता रुमालात गुंडाळून खिशात ठेवला.

रानशेतचा हा काकड्या डहाणूच्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्राच्या लॅबचा अटेंडंट होता, आणि पूर्वीमॅडम तिथल्याच प्राध्यापक. अठरा वर्षं त्याने काचसामान धुतलं, मीठ-साखर तोलली, बाटल्या उकळल्या. इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण कुठल्या कपाटात काय आहे ते डोळे मिटून सांगायचा. "काकड्याभाऊ म्हणाले ना? मग झालं," असं भलेभले प्राध्यापक म्हणत. गड्याची सगळी कमाई म्हणाल तर ती हीच, आणि त्याला तिचा अभिमानही होता.

जिवाणूची गोष्ट सुरू झाली २०१५ च्या फेब्रुवारीत. मॅडम परीक्षेच्या कामात अडकल्या होत्या, म्हणून जवळच्या वरोर गावच्या मिठागरातला चिखल आणायला काकड्या एकटाच गेला. त्या चिखलाचं पाणी मॅडमनी भरपूर मीठ घातलेल्या, जिवाणू वाढवायच्या ताटल्यांवर पसरलं. दोन आठवडे काही म्हणजे काही उगवलं नाही. मॅडम ताटल्या टाकून द्यायला निघाल्या, तर काकड्या म्हणाला, "राहू द्या की, जागा काय खातात?" तिसऱ्या आठवड्यात नारिंगी ठिपके दिसले. साध्या पाण्यात टाकला की मरायचा, समुद्राच्या कितीतरी पट खाऱ्या पाण्यात सुखाने नांदायचा, असा तो विचित्र प्राणी. पुण्याला तपासून घेतला, तर ओळखीच्या एकाही जातीशी तो पुरता जुळेना. मग तीन वर्षं मॅडमनी त्याचा पिच्छा पुरवला, आणि आता २०१८ च्या मार्चमध्ये नवी जात म्हणून त्याचं बारसं होणार होतं.

आणि चिखल वरोरचा नव्हताच!

त्या दिवशी वरोरच्या बांधावर नवशी नावाची म्हातारी मिठागराची राखण करत बसली होती. तिने लांबूनच हात केला. "आज आगरान पाय नको टाकू रं बाबा. पहिलं मीठ निघायचं हाय. उद्या देवीला दावू, मंग खुशाल ये."

दुसरा कुणी असता तर कॉलेजचं पत्र दाखवून वाद घालत बसला असता. काकड्याने चपलासुद्धा काढल्या नाहीत, तसाच मागे फिरला. त्याच्या घरी नवं भात देवाला दाखवल्याशिवाय कुणी तोंडाला लावत नसे. त्याला हे समजावून सांगायची गरजच नव्हती.

चिंचणीच्या वाटेवर एक पडीक मिठागर होतं. लोक त्याला खारं तळं म्हणत. मीठही तेच आणि चिखलही तोच, असा विचार करून त्याने तिथेच बाटली भरली. बाटलीवर मॅडमच्या अक्षरात 'वरोर' अशी चिठ्ठी आधीच चिकटवलेली होती. सांगू उद्या, सांगू परवा, असं करता करता ते राहूनच गेलं.

संध्याकाळी त्याने बायकोला, शांतीला, सगळं सांगितलं.

"मंग काय झालं?" शांती म्हणाली. "रिटायर व्हायला दीड वरीस राहिलंय. गप बस. तळं काय साक्ष द्यायला येतंय?"

"तळं नाय येणार. पण मॅडम सगळ्या जगाला सांगणार ना, वरोरचा म्हणून. खोटं माझं आणि नाव जाणार मॅडमचं."

शांतीने त्याच्याकडे नीट पाहिलं. "मंग सांगून मोकळा हो. जेव आधी."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने लॅबचं दार लोटून घेतलं आणि सगळं सांगून टाकलं. मॅडम आधी हसल्या, त्यांना थट्टाच वाटली. मग त्यांचा चेहरा उतरला.

"अरे, हे आज सांगता? सोमवारी पेपर पाठवायचाय मला! कुणीतरी आजी नको म्हणाली आणि तुम्ही परत फिरलात?"

"पहिलं मीठ होतं, मॅडम."

"मग तेव्हाच सांगायचं! पत्ता बदलला असता, दोन मिनिटांचं काम. तीन वर्षं, काकड्याभाऊ! तुमच्या शब्दावर मी कधी शंकासुद्धा घेतली नाही."

त्यापेक्षा त्यांनी चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं. काकड्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

थोड्या वेळाने मॅडमनी स्कूटरची किल्ली उचलली. "चला. पुन्हा चिखल आणू. त्यात हाच सापडला की प्रश्न मिटला."

चिंचणीच्या वाटेवर स्कूटर थांबली, आणि दोघंही बघतच राहिले. तळं नव्हतं. रस्त्यापासून पार बांधापर्यंत लाल मुरूम पसरला होता. वरून रोलर फिरवलेला, आणि कडेला प्लॉट विक्रीचा फलक. खाऱ्या पाण्याचा एक थेंबही कुठे दिसत नव्हता.

"बापरे," मॅडम हळूच म्हणाल्या. "म्हणजे आता तो जिवाणू फक्त आपल्या नळीत आहे."

काकड्याला वाईट वाटलं. तळं कुणाच्याच उपयोगाचं नव्हतं, तरी वाटलं.

मॅडमनी फोन काढला. "वरोरचं नाव तर आता गेलंच. पेपरात जागेचे आकडे, अक्षांश-रेखांश, द्यावे लागतात. पण आता तपासायला काही उरलं नाही. तुम्ही सांगाल तेच छापणार. कळतंय ना? जगभर तेच वाचतील."

"कळतंय."

तो मुरमावर चालू लागला. तळ्यात भरतीचं पाणी घ्यायची दिंडी बुजली होती, पण बांधावरची चिंच शाबूत होती. चिंचेकडे पाठ करून तो थोडा पुढे गेला, डावीकडे वळला, पावलं मोजत थांबला. मॅडम मागोमाग आल्या आणि त्यांनी फोन पुढे धरला.

"इथे?"

"हितंच," तो म्हणाला. मॅडमचा अंगठा बटणावर टेकला.

"थांबा." त्याने पुन्हा चिंचेकडे पाहिलं. कपाळावरचा घाम पुसला. "नाय मॅडम. हितं पाणी गुडघाभर असायचं, मी एवढ्या आत गेलो नव्हतो. चार पावलं मागं."

मॅडमनी एक क्षण त्याच्याकडे पाहिलं. मग त्या मोजून चार पावलं मागे सरकल्या आणि तिथे उभं राहून त्यांनी आकडे टिपून घेतले.